पाणी केव्हा चढलं?

“मग चूक कुठे आहे, तेवढं तरी सांगा.”

दिगंबरनं पुन्हा विचारलं. गव्हाणेबाईंनी वहीचं पान उलटलं, थोडं वाचलं आणि परत मागच्या पानावर आल्या.

“चूक नाही,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“तेच बघतेय. अख्ख्या वहीत एकसुद्धा नाही.”

दिगंबरला हे कौतुक वाटलं. कौतुकाची भूक लागलेल्या माणसाला ते कुठेही सापडतं.

दिगंबर साळुंखे आमच्या बाजारगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. ही हकिगत त्यानंच मला सांगितली, आणि सांगताना स्वतःची गय केली नाही, म्हणून ती लिहायचं धाडस करतोय.

बाई त्याच्या गुरू. पठारावरच्या शाळेत सातवीपर्यंतचं विज्ञान त्याला त्यांनीच शिकवलं. आता ती शाळा बंद आहे. पट घटत गेला, उरलेली पोरं जीपमध्ये बसून खाली येऊ लागली, आणि मग कुलूप लागलं. बाई शाळेसमोरच्याच दोन खोल्यांत राहतात. कराडचा भाचा बोलावून थकला, पण त्या जात नाहीत. दुपारी पठारावर नुसता वारा असतो आणि शाळेच्या पत्र्याचा एक सुटलेला कोपरा वाजत राहतो. बाकी कुणाचा आवाज नाही.

वही दिगंबरनं स्वतः तयार केली होती. तिचं नाव ‘आदर्श प्रयोगवही’. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आकृत्या पेन्सिलीनं, समासाच्या रेघा पट्टीनं. तालुक्याच्या साहेबांना ती इतकी आवडली की छापून सगळ्या शाळांना वाटायचं ठरलं. सोमवारी छापखान्यात जाणार होती. पहिल्या पानावर बाईंचे दोन शब्द आणि खाली सही, एवढ्यासाठी दिगंबर घाट चढून आला होता. गुरूनं सही केली की मग कुणाची बोलायची टाप नव्हती.

“पोरांच्या वह्या कशा असतात?” बाईंनी विचारलं.

“अगदी अशाच. शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते ओळखायचं नाही.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“म्हणजे वर्गात पोर एकच. बाकीची हजेरीपुरती.”

दिगंबर हसला. बाई हसल्या नाहीत.

“वर्गात तुला कुणी काही विचारतं?”

“विचारायची वेळच येत नाही, बाई. सगळं वहीत असतं. वर्ग चिडीचूप असतो. हेडमास्तर मुद्दाम बाहेर उभे राहून ऐकतात.”

“काय ऐकतात?”

दिगंबरनं वहीकडे हात नेला आणि मागं घेतला.

“तुला करमतं तिथं?”

दिगंबर गडबडला. शाळा तपासायला येणारे साहेब पुष्कळ प्रश्न विचारतात. हा एक कधी कुणी विचारला नव्हता.

“कामात असतो मी,” तो म्हणाला.

“एक मुलगी प्रश्न विचारायची,” सदऱ्याची बाही सरळ करत तो म्हणाला. “वैजयंता. नववीतली. धनगरवाड्यावरनं चालत येते.”

“विचारायची?”

“आता नाही विचारत.”

बाईंनी वही मिटली आणि बाजूला ठेवली. आता त्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडे लागलं.

“मेणबत्तीचा प्रयोग होता,” दिगंबर म्हणाला. “थाळीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, वर पेला पालथा घालायचा. मेणबत्ती जळताना आतला ऑक्सिजन वापरला जातो, त्याची जागा पाणी घेतं, म्हणून पाणी पेल्यात चढतं. साधी गोष्ट. सगळ्यांनी तसंच लिहिलं. हिनं लिहिलं, मेणबत्ती जळत होती तोवर पाणी चढलं नाही, विझल्यावर चढलं. आणि खाली स्वतःच विचारलंय, असं का?”

“मग?”

“खोडलं. म्हटलं, निरीक्षणात प्रश्न लिहायचे नसतात. फळ्यावरचं उतरवून घे.”

“ती काय म्हणाली?”

“‘पण सर, मी बघितलंय की.’”

“तू काय म्हणालास?”

दिगंबर बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ते बाक शाळेतलंच होतं, बंद होताना बाईंनी मागून घेतलेलं.

“म्हटलं... तू चुकीचं बघितलंस.”

पत्रा वाजत राहिला.

“पान अजून उतरवून दिलेलं नाही तिनं,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. “वही अपुरी. अपुऱ्या वहीवर मी सही करत नाही, आणि सहीशिवाय प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. सोमवारी मुदत संपते. बाकीच्या वह्या पुऱ्या, हिची एकटीची अडलीये. मागच्या बाकावर जाऊन बसते. शेजारी कुणी बसत नाही.”

“का?”

“पोरं घाबरतात. सर जिच्यावर चिडलेत तिच्याशेजारी कोण बसेल? हट्टी आहे, बाई. पालथ्या घड्यावर पाणी.”

बाई उठल्या.

आत जाऊन त्यांनी एक थाळी आणली. मग मेणबत्तीचं थोटूक, काडेपेटी आणि काचेचा पेला. हे सगळं त्याच्यापुढं ठेवलं, वाऱ्यानं ज्योत राहणार नाही म्हणून खिडकी लोटली आणि समोर बसल्या.

“कर.”

“काय?”

“प्रयोग. आणि वहीत लिही.”

“बाई, हा प्रयोग मी झोपेतसुद्धा करीन.”

“करत असशील,” बाई म्हणाल्या.

दिगंबरला राग आला. एवढा घाट चढून यायचं आणि सातवीतल्या पोरासारखी थाळी पुढ्यात घ्यायची! पण गुरूचा शब्द. त्यानं आदर्श वहीच्या शेवटी एक कोरं पान काढलं आणि वळणदार अक्षरात पाची मथळे घातले. थाळीत पाणी ओतलं. मेणबत्ती चिकटवली, पेटवली, पेला पालथा घातला, आणि मान खाली घालून लिहायला लागला. पेन झरझर चालत होतं. निरीक्षण झालं, निष्कर्ष झाला, खाली रेघ मारली. मग त्यानं मान वर केली. मेणबत्ती विझलेली होती आणि पेल्यात पाणी चढलेलं होतं.

“झालं.”

“पाणी केव्हा चढलं?”

“आत्ताच की.”

“मेणबत्ती जळत होती तेव्हा, की विझल्यावर?”

“जळताना.”

“बघितलंस?”

दिगंबरनं पेल्याकडे बघितलं.

“वर्गात पेला ठेवलास की तू काय करतोस?”

“फळ्याकडे वळतो. तास छोटा असतो, बाई. घंटेच्या आत निष्कर्ष फळ्यावर यायला हवा. नाहीतर पोरं लिहिणार कधी?”

“आणि पोरं काय करतात?”

“उतरवून घेतात.”

“मग मेणबत्तीकडे कोण बघतं?”

दिगंबरनं मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि लगेच ओशाळलोही. माझ्या वर्गात याहून वेगळं काय चालतं? पण त्याच्या वर्गाचं चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. मास्तर भिंतीकडे तोंड करून लिहितोय, पोरं माना खाली घालून उतरवताहेत, आणि टेबलावर एकटी मेणबत्ती विझतेय. वर्षानुवर्षं ती अशी त्याच्या पाठीमागं विझत आली. एवढ्या वर्षांत एका पोरीनं मान वर केली, आणि आम्ही तिला मागच्या बाकावर बसवलं.

“पेन इकडे दे,” बाई म्हणाल्या.

त्यानं दिलं.

“आता पुन्हा लाव.”

दिगंबरनं थाळी पुसली, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा काडी ओढली. पेला पालथा घातला आणि मग त्याला हातांचं काय करावं ते समजेना. हातात खडू नाही, पेन नाही. मास्तर नुसता बसलेला बरा दिसत नाही, असं त्याला लहानपणापासून वाटत आलेलं. त्यानं हात मांड्यांवर ठेवले आणि बघायला लागला.

पेल्याच्या काठाखालून बुडबुडे निघाले.

ज्योत बारीक झाली. वातीच्या टोकाला थोडा वेळ चिकटून राहिली. थाळीतलं पाणी जवळपास होतं तिथंच होतं.

ज्योत गेली. पेल्यात धूर फिरला.

आणि मग पाणी चढायला लागलं. सावकाश नाही, घाई असल्यासारखं चढलं. चढत चढत गेलं आणि थांबलं.

“बाई, बुडबुडे कसले?”

विचारलं आणि तो स्वतःच दचकला. प्रश्न त्यानं जन्मभर विचारले, पण उत्तर खिशात ठेवून. आज पहिल्यांदाच त्याला उत्तर माहीत नव्हतं.

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा लावली. मग आणखी एकदा. बाईंनी आतून दुसरं थोटूक आणलं, तर दोन्ही एकदम लावून बघितली. पाणी आधीपेक्षा वर गेलं.

“पेला तोच,” दिगंबर पुटपुटला. “आतली हवा तेवढीच. मग पाणी जास्त कसं? ऑक्सिजन दोन मेणबत्त्यांसाठी काय वाढवून मिळतो?”

बाईंनी पेला उचलून त्याच्या हातात दिला.

“गरम हवा फुगत असणार. ती काठाखालून बाहेर जाते, तेच बुडबुडे. विझल्यावर आतली हवा थंड होते... आक्रसते... मग पाणी...” तो थांबला. “असं असेल?”

“असेल. बघायला हवं.”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मलाही तसंच वाटतं. वाटण्यावर मी निष्कर्ष लिहीत नाही. आता लिहीत नाही.”

त्या ‘आता’वर दिगंबर अडला. त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा तापला.

“बाई, पण हा निष्कर्ष मला तुम्हीच दिला होता. सातवीत. याच समोरच्या शाळेत, पलीकडच्या खोलीत. तुमचं अक्षर अजून दिसतं मला फळ्यावर. मी माझ्या मनाचं काही लिहिलं नाही. तुमचंच उतरवलं!”

हे तो जवळजवळ ओरडून बोलला. गुरूशी असं बोलल्याबद्दल त्याला मागाहून लाज वाटली, पण त्या घडीला राग खरा होता.

बाईंनी मान हलवली.

“हो. मीच दिला. मला माझ्या मास्तरांनी दिला होता. मी तुम्हाला दिला. तू पुढं दिलास. आता छापून सगळ्या तालुक्याला देणार.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“शाळेला कुलूप लागल्यावर. एका संध्याकाळी वीज गेली,” बाई म्हणाल्या. “दिव्यावर किडे येतात म्हणून थाळीत पाणी घालून मेणबत्ती ठेवली होती. वीज आली. मेणबत्ती फुंकली की धुरानं मला खोकला येतो. म्हणून पेला पालथा घातला आणि बघत बसले. आता तास नव्हता. फळा नव्हता. लिहून द्यायला कुणी नव्हतं... तेव्हा दिसलं.”

“मग?”

“दारात आले. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. समोर शाळा. कुलूप. सांगणार कुणाला? आत आले, भांडी घासली, झोपले.”

पत्र्याचा आवाज तेवढा येत राहिला. बाईंनी पाण्याची थाळी उचलून जरा बाजूला सरकवली, पुन्हा होती तिथं ठेवली.

“मला कळवायचं होतं, बाई. फोन करायचा.”

“तू वर कधी आलास?”

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला होता. त्यानंतर आज. आणि आजही सही मागायला. हे बाई बोलल्या नाहीत, पण दिगंबरला ते ऐकू आलं आणि त्याची मान खाली गेली.

“मला तिथं करमत नाही,” दिगंबर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

“मघाशी विचारलंत ना. नाही करमत. ती पोर गप्प झाल्यापासून मुळीच नाही. वर्ग भरलेला असतो आणि मी एकटाच बोलत असतो. माझंच वाक्य मला साठ वह्यांतून परत वाचायला मिळतं. तपासता तपासता वीट येतो, बाई. एखाद्यानं तरी चुकावं असं वाटतं. आणि जिनं काही वेगळं लिहिलं, तिला मी खोडलं. ती मागं बसून माझ्याकडे बघत असते. रागानं नाही. नुसती बघते. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवत नाही.”

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. बरं वाटेल असंही काही बोलल्या नाहीत. त्याचं पेन तेवढं परत दिलं.

दिगंबरनं वही ओढली. मघाशी मान खाली घालून लिहिलेलं निरीक्षण त्यानं आडवी रेघ मारून खोडलं. निष्कर्ष खोडला. मग लिहायला लागला, आणि या वेळी पेन झरझर चालेना. एक ओळ लिहायची, थाळीकडे बघायचं, पुन्हा लिहायचं. अक्षराचं वळण गेलं. पाण्याचा ओला अंगठा लागून एक शब्द फिसकटला. आदर्श वहीतलं ते सर्वांत घाण पान झालं.

त्यानं लिहिलं होतं:

मेणबत्ती जळत होती तोवर पाणी चढलं नाही. आधी काठाखालून बुडबुडे निघाले. मेणबत्ती विझल्यावर पाणी चढलं. दोन मेणबत्त्या लावल्या तर जास्त चढलं. असं का? हवा गरम होऊन बाहेर जाते आणि उरलेली थंड होऊन आक्रसते, असं वाटतं. नक्की माहीत नाही.

निष्कर्षाची जागा त्यानं कोरी ठेवली.

“छापखान्याला सोमवारी काय सांगू?” त्यानं विचारलं, आणि बाईंच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, “सांगतो काहीतरी. थांबा म्हणतो. साहेब चिडतील, चिडू देत.”

त्यानं वही फिरवून त्यांच्यापुढं धरली. वर पेन ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मास्तर नव्हता, सातवीतलं पोर होतं.

“बाई, आता तरी सही करा.”

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. पान वाचलं. ओळीखाली बोट धरून, सावकाश, फिसकटलेल्या शब्दाशी थांबून वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“बाई?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.

“माझी नको. वैजयंताची घे.”